मुंबईचा कारभार जिथून चालायचा, त्या घराची सहल

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेतून एक कागद घरी येतो. सहलीचा. पोरं तो कागद नाचवत आणतात आणि आपण चुलीपुढे बसूनच विचारतो, "किती पैसे?" आज आम्ही त्या कागदाबद्दलच बोलणार आहोत. पहिली ते चौथीच्या मुलांची सहल कशी आखायची, आणि त्यात आपल्या बचत गटांनी काय काय करता येतं, ते आमच्या अनुभवातून सांगतो. आम्ही म्हणजे वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या, पारोळ-भाताणे पट्ट्यातल्या चार गटांच्या बाया आणि त्यांच्यासोबत काम करणारी सहयोगिनी.

तेरा घरांतून सही आली नाही

आमच्या शाळेतल्या गुरुजींनी सहलीसाठी मुंबईचं राजभवन सुचवलं होतं. मलबार हिलवरचं राज्यपालांचं निवासस्थान, ज्याला आता लोकभवन म्हणतात. तिन्ही बाजूंनी समुद्र, झाडी, मोर. इंग्रजांच्या काळात १८८५ पासून गव्हर्नर तिथे राहू लागले. २०१६ साली त्याच आवारात जमिनीखाली १३ खोल्यांचं जुनं बंकर सापडलं आणि पुढे त्याचं संग्रहालय झालं. पोरांनी राज्याच्या पहिल्या नागरिकाचं घर बघावं, ही गुरुजींची कल्पना चांगलीच होती.

अडचण दुसरीकडे होती. तिथे आगाऊ नोंदणी करावी लागते, माणसं मर्यादित सोडतात, आणि वेळ सकाळी लवकरची. म्हणजे आमच्या गावातून मध्यरात्रीनंतर निघायचं. पहिलीतलं सहा वर्षांचं पोर त्या वेळी उठणार कसं आणि दिवसभर टिकणार कसं? खर्च धरला तर मुलामागे ६०० रुपये येत होते.

कागद ३४ घरांत गेला. २१ घरांतून सही आली. तेरा घरांतून आली नाही. कोणी म्हणालं, "पोरीला बस लागते." कोणी म्हणालं, "आजी एकटी आहे घरी." खरं कारण आपल्या सगळ्यांना माहीत असतं. "पैसे नाहीत" असं चारचौघांत कोणती आई म्हणेल?

हा विषय गटाच्या बैठकीत निघाला तो असाच, हप्ते गोळा करताना. एक ताई म्हणाली, "सहलीच्या दिवशी माझ्या पोराला शाळेतच पाठवू नको का मी? रिकाम्या वर्गात बसून काय करील?" मग लक्षात आलं की वीटभट्टीवरची तीन पोरं तर त्या ३४ मध्येसुद्धा नाहीत. त्यांची कुटुंबं दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून आली. पोरं शाळेत बसायला लागली, पण सहलीची यादी आधीच झालेली होती.

त्या बैठकीत आम्ही एक गोष्ट ठरवली आणि आजही तीच धरून आहोत. सहल कुठे जाणार हे नंतर बघू. आधी मागे कोण राहणार त्यांची नावं लिहू. ती नावं पुसली जातील अशी जागा, असा दिवस आणि असा खर्च शोधू.

मग राजवाडा कुठला? आपल्याच वसईचा

गुरुजींना सरकारी निवासस्थानच दाखवायचं होतं ना? मग आम्ही म्हटलं, वसईच्या किल्ल्यात चला. पुष्कळ जणींना वाटतं, किल्ला म्हणजे तोफा, तट आणि लग्नाआधीचे फोटो. पण त्या किल्ल्यात बालेकिल्ल्याच्या परिसरात पोर्तुगीज कारभाऱ्याच्या वाड्याचे अवशेष आहेत. आणि त्या वाड्याची गोष्ट मुंबईपेक्षा लहान नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबरचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्या मुलखात साष्टी होती आणि मुंबईची बेटंही होती. पोर्तुगीजांनी वसईला आपल्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं केलं. प्रांताचा मोठा अधिकारी, त्याला ते 'उत्तरेचा जनरल' म्हणत, तो वसईत राहायचा. म्हणजे एक काळ असा होता की मुंबईचे हुकूम वसईतून सुटत. पुढे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि मुंबई हुंड्यात दिली गेली. प्रत्यक्ष ताबा इंग्रजांना १६६५ मध्ये मिळाला. राजाने १६६८ साली ती बेटं वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

ही हुंड्याची गोष्ट आमच्या बैठकीत सांगितली तेव्हा एक मावशी पटकन म्हणाली, "बघा, हुंड्यात गेलेलं कधी परत येतं का?" सगळ्या हसल्या, पण मुद्दा पोरांनाही कळण्यासारखा आहे. लग्न दोन माणसांचं, आणि मालक बदलले हजारो कोळी-भंडाऱ्यांचे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

वसई मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे-साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला शरण आला. आमच्या पट्ट्यातल्या पोरांना चिमाजी अप्पांचं नाव वज्रेश्वरीमुळे माहीत असतं. वसई हाती आली तर देऊळ बांधीन असा नवस त्यांनी देवीला बोलला होता, असं आपल्याकडे सांगतात. वज्रेश्वरीच्या जत्रेत गेलेल्या प्रत्येक पोराला किल्ल्यासारख्या त्या देवळाच्या पायऱ्या आठवतात. मग वसईचा किल्ला बघताना गोष्टीचं दुसरं टोक सापडतं. या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यातली एक नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर आहे.

पुढे ३१ डिसेंबर १८०२ ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचा लगाम इंग्रजांच्या हाती गेला. एकाच जागी एवढं सगळं घडलं. तीस-पस्तीस किलोमीटरवर असलेली ही जागा आमच्यातल्या निम्म्या बायांनी पाहिली नव्हती. आम्ही बाजाराला वसईला जातो, भाजी विकतो आणि परत येतो.

राजभवनाची कल्पना आम्ही सोडली नाही. ती पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी ठेवली. तेवढी मुलं लवकर उठतात, जास्त चालतात आणि रांगेत थांबतात.

आधी दोघींनी जाऊन पाहा

मैत्रिणींनो, ही पायरी कधीही टाळू नका. सहलीच्या आधी दोन बायांनी आणि एका शिक्षकाने त्या जागी, त्याच वारी, त्याच वेळेला जाऊन यावं. आम्ही गेलो आणि कागदावर ह्या गोष्टी लिहून आणल्या:

– बस कुठे थांबते, मुलं कोणत्या बाजूने उतरतील, रस्ता ओलांडावा लागतो का.
– सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे.
– मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे होईल.
– विहिरी कुठे आहेत, कठडा केवढा आहे. किल्ल्यात जुन्या विहिरी आणि टाकी आहेत.
– कोणत्या भिंती आणि जिने खचलेले आहेत. अंधाऱ्या जिन्यात एकाही मुलाला सोडायचं नाही.
– गवत किती वाढलंय. पावसाळा संपता संपता गवतात जनावर असू शकतं. डिसेंबर-जानेवारीत गवत सुकलेलं असतं आणि ऊनही सोसवतं.
– जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे.

किल्ला सुमारे ११० एकरांचा आहे. लहान मुलांना सगळा दाखवायला गेलात तर पोरं रडकुंडीला येतील आणि तुम्हीही. आम्ही चारच जागा ठरवल्या: जमिनीकडचा दरवाजा, बालेकिल्ला आणि वाड्याचे अवशेष, एक चर्च, आणि नागेश्वराचं देऊळ. समुद्राकडचा दरवाजा लांबूनच दाखवायचा, धक्क्यावर न्यायचं नाही, हेही ठरवलं.

पाण्याबाबत आम्ही इतक्या कडक का? गुजरातमध्ये वडोदऱ्याला १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेची सहल हरणी तलावात बोटीवर गेली आणि बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या आयांनीही सकाळी वेण्या घालून, डबा भरूनच पोरं पाठवली होती. त्यामुळे सहलीत पाणी दिसलं की पोरं मागे आणि मोठी माणसं पुढे, हा नियम आहे असं समजा. बोट, पोहणं, समुद्रात पाय भिजवणं, काहीही नाही.

कागदपत्रं आणि गाडी

जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल शिक्षण विभागाच्या परवानगीशिवाय निघत नाही. अर्ज मुख्याध्यापक करतात. त्यासोबत जागा, तारीख, मुलांची यादी, सोबतच्या मोठ्यांची नावं, गाडीची माहिती आणि पालकांची संमती जोडतात. महिनाभर आधी अर्ज द्यायला सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असतात, त्या आपल्या गटातल्याच असतात. हा विषय समितीच्या सभेत घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

गाडी शक्यतो एसटीची घ्या. शालेय सहलीला एसटी सवलतीच्या दरात मिळते. शाळेच्या पत्रावर जवळच्या आगारात आधी अर्ज करावा लागतो. खासगी गाडी घेतलीच, तर परवाना, विमा आणि चालकाचं लायसन्स डोळ्यांनी बघा. आणि जेवढ्या सीट तेवढीच माणसं. "लहान आहेत, तीन-तीन बसतील" हे कोणी म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. आमच्या गाडीत ४४ जागा होत्या. ३७ मुलं आणि ७ मोठी माणसं. एक जागा जास्त नाही, एक कमी नाही. वीटभट्टीवरची तीन पोरं त्या ३७ मध्ये होती.

हिशेब

आता पैशांचं. आमचा खर्च असा झाला: गाडी ५,४०० रुपये, जेवण १,७०० रुपये, सुकेळी ३७० रुपये, आणि रिबिनी, पाणी, औषधांची पेटी मिळून ५३० रुपये. एकूण ८,००० रुपये.

तिकीट लावलं नाही. शाळेत एक बंद डबा ठेवला, वरून फट पाडलेला. प्रत्येक घराने जमेल ते टाकायचं. कोणी वीस टाकले, कोणी दोनशे. कोणी किती टाकले ते कोणालाच कळलं नाही. डब्यात ३,६४० रुपये निघाले. चार गटांनी प्रत्येकी ५०० रुपये दिले, म्हणजे २,००० झाले. हे पैसे बचतीतले नाहीत, बरं का. बैठकीला उशिरा येणाऱ्या आणि गैरहजर राहणाऱ्या बायांचा जो दंड जमतो, त्यातले. ठराव केला, सह्या घेतल्या, मगच दिले. उरलेले २,३६० रुपये दोन्ही शिक्षकांनी आणि गावातल्या किराणावाल्या दादांनी भरले. हिशेबाचा कागद शाळेच्या दारावर लावला.

जेवण आम्हीच केलं. शाळेची खिचडी रोज आमच्यातल्याच दोघी शिजवतात, त्यांना ३७ मुलांचा अंदाज असतोच. तांदळाच्या भाकऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, गूळ. वसई गावातल्या एका गटाच्या ताईंनी त्यांचं अंगण दिलं. तिथेच जेवण, तिथेच मुलींची सोय. निघताना प्रत्येकाच्या हातात एक सुकेळी. वसईची ही वाळवलेली केळी आमच्या पोरांनी पहिल्यांदाच खाल्ली.

मोजणी

आमच्या एका आधीच्या सहलीत एक मुलगी दहा मिनिटं हरवली होती. दुसऱ्या शाळेचा गणवेश आमच्यासारखाच होता आणि ती त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ती दहा मिनिटं आम्हाला जन्मभर पुरतील. त्यामुळे आता आमची पद्धत अशी आहे:

– प्रत्येक मुलाच्या उजव्या मनगटावर लाल रिबीन. गणवेश सारखा असला तरी रिबीन ओळखू येते.
– प्रत्येक मोठ्या माणसाकडे पाच किंवा सहा मुलं, त्यांची नावं चिठ्ठीवर. दुसऱ्याची मुलं मोजायची नाहीत, आपलीच मोजायची.
– मुलांच्या जोड्या. जोडीदार दिसला नाही की लगेच ओरडायचं.
– मुलाच्या खिशात शाळेचं नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. नाव बाहेर लटकवायचं नाही. नाहीतर अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि पोर फसतं.
– गाडीत चढताना, उतरताना आणि प्रत्येक जागा सोडताना मोजणी. आकडा मोठ्याने बोलायचा.

हे तीन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८.

तिथे गेल्यावर काय सांगायचं

सनावळ्या पोरं विसरतात. घर मात्र प्रत्येकाला कळतं. म्हणून आम्ही मुलांना तीनच प्रश्न दिले. या घरात पाणी कुठून येत असेल? हे दगड कोणी वाहिले असतील? इथे राहणारा माणूस कोणावर हुकूम चालवायचा?

पोरांनी विहीर शोधली. तटाच्या दगडांना हात लावून पाहिला. गुरुजींनी सांगितलं की वसईचा हा काळा दगड इतका नावाजलेला होता की तो गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागातलं कोरीव काम वसईच्या दगडाचं आहे. भट्टीवरच्या पोरांपैकी एकजण चौथीतला. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "गुरुजी, हे रचणारे कुठे झोपायचे?" गुरुजी क्षणभर गप्प राहिले. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. रोज विटा रचणाऱ्या घरातल्या पोरालाच तो सुचला. पहिल्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

तिसऱ्या प्रश्नावर गुरुजींनी मुलांना गोल बसवलं. इथे बसून परक्या देशाचा माणूस हुकूम द्यायचा. मग आपल्या गावाचा कारभार आज कुठून चालतो? पोरं म्हणाली, ग्रामपंचायत. त्यावर कोण? तहसील कार्यालय, वसई. त्यावर? पालघरचं जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यावर मुंबईचं मंत्रालय. आणि या सगळ्यांना निवडतं कोण? एक मुलगी म्हणाली, "माझी आई. तिच्या बोटाला शाई लागते." ग्रामपंचायतीतले आणि मंत्रालयातले लोक निवडून जातात, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी नेमले जातात, हा फरक गुरुजींनी तिथेच समजावला.

एक गोष्ट मोठ्यांनाही सांगायची आहे. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तूवर नाव कोरणं, नुकसान करणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही मुलांच्या हातात खडू, खिळा काही दिलं नाही. कचऱ्यासाठी दोन पोती नेली आणि भरून परत आणली.

परत आल्यावर

गाडी संध्याकाळी पाचच्या आत गावात आली. हायवेच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, म्हणून दीड वाजताच निघालो होतो. शेवटची मोजणी शाळेच्या दारात झाली: सदतीस. प्रत्येक पोर त्याच्या घरच्याच माणसाच्या हाती दिलं आणि सही घेतली. भट्टीवरच्या तिघांना आमच्यातली एक ताई भट्टीपर्यंत सोडून आली.

पुढच्या आठवड्यात मुलांनी चित्रं काढली. ती गटाच्या बैठकीत भिंतीला लावली. ज्या तेरा आयांनी पहिल्या कागदावर सही केली नव्हती, त्यातल्या नऊ जणी त्या दिवशी बैठकीला आल्या होत्या. एकीने आपल्या पोराचं चित्र बघितलं आणि म्हणाली, "मला पण बघायचाय तो वाडा." म्हणून येत्या फेब्रुवारीत आमच्या चार गटांची सहल आहे. डबा ठेवलाय.

तुमच्या गावच्या शाळेचा कागद आला असेल, तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. यादी मागून घ्या आणि तिच्यात कोण नाही ते आधी वाचा. बाकीचं आपोआप सुचत जाईल, आणि नाही सुचलं तर आम्हाला विचारा.